गाळ्याचं घर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हिंजवडीला नोकरी करते, तेव्हा हा विषय माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं. पण त्यावर बोलणारे आजकाल पैशाला पासरी मिळतात. म्हणून परवा फोन करून मी विषय बदलून घेतला. मी एका कुत्र्याविषयी बोलणार आहे. हसा, हरकत नाही. हा कुत्रा या शाळेपासून चार शेतं पलीकडे राहतो. त्याला घर मिळायला चौदा महिने लागले. आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना तुम्ही सगळे ओळखता, ते म्हणजे आपले घंटेवाले मामा. पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची रिकामी दिसते आहे ना? शाळेत लाऊडस्पीकर लागणार म्हणून मामा सकाळीच त्याला घेऊन वरच्या शेतावर गेले आहेत. जेवायला येतो म्हणालेत.

जुलै २०२१ मध्ये महाडचं काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. सावित्री, गांधारी, काळ, तिन्ही नद्यांचं पाणी शहरात शिरलं. २२ जुलैला तळिये गाव दरडीखाली गेलं, तिथेच ऐंशीच्या वर माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. या सभागृहात अशी माणसं बसली आहेत ज्यांच्या घरातलं कुणी त्यात गेलं. त्यामुळे पहिलीच गोष्ट स्पष्ट करते. पुरानंतर पंधरा दिवस आमच्या घरी कुणीही कुत्र्याचा विचार केला नाही. आई महाडला पहिल्या मजल्यावर राहते. करोनामुळे माझं ऑफिस घरूनच चालू होतं, तेव्हा रस्ता सुरू होताच मी आले आणि पुढे सहा महिने आईकडेच राहिले. गाळ उपसणे, पाण्याचे कॅन वर चढवणे, शेजारच्या काकांची औषधं शोधणे, एवढंच चाललं होतं. तो कुत्रा जिन्याच्या वळणावर बसून होता. आम्ही त्याला ओलांडून जात होतो. तो आमच्यात येत नव्हता, आम्ही त्याच्यात जात नव्हतो.

मला एका जुन्या मैत्रिणीने नंतर विचारलं होतं, माणसं मेली तिथे तुला कुत्रं कसं सुचलं? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की सुचलं नाही. माणसांचं थोडं मार्गी लागलं तेव्हा तो अजून तिथेच होता.

त्याच्या मानेत साखळीचा हातभर तुकडा लोंबत होता. कुणीतरी त्याला बांधलं होतं, पाणी चढत गेलं, आणि मग साखळी तुटली की कुणी तोडली ते कुणालाच ठाऊक नाही. साखळीखाली जखम होती, त्यात गाळ भरला होता. आईने त्याचं नाव गाळ्या ठेवलं. मी म्हटलं, आई, जरा बरं नाव ठेव. ती म्हणाली, बरा झाला की ठेवू. तो बरा झाला, पण नाव तेच राहिलं.

पशुवैद्यांनी त्याला गुंगीचं औषध देऊन साखळी काढली, जखम साफ केली, रेबीजची लस दिली. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. कुत्रा चिडका वाटला की आधी त्याचं दुखणं शोधायचं. कान, दात, सांधे, मान. दुखऱ्या जागी हात गेला की कुणीही ओरडतं. गाळ्याचा कानही सडला होता. कान बरा झाला, मान भरली, आणि निम्मा राग गेला. उरलेला निम्मा मात्र मानेत नव्हता, डोक्यात होता.

सहा महिने मी वहीत नोंदी ठेवल्या. आमच्या कामाची सवयच आहे ती. प्रोग्रॅम बंद पडला की तो का बंद पडला यावर वाद घालत बसत नाही, बंद पडण्याच्या आधी काय घडलं ते बघतो. तशीच तीन रकाने आखलेली वही: आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर आम्ही काय केलं. 'आज गाळ्या विनाकारण गुरगुरला' असं आई सांगायची. मी विचारायची, विनाकारणच्या आधी काय होतं? दोन महिन्यांत चित्र साफ झालं. त्याला तीन गोष्टी सहन होत नव्हत्या. वरून मानेकडे येणारा हात, ही पहिली. जेवताना कुणी जवळ येऊन थांबणं, ही दुसरी. आणि तिसरी, पत्र्यावर वाजणारा पाऊस. गडगडाटाची त्याला तितकी भीती नव्हती. आषाढातल्या संततधारेत विजा फार नसतातच, त्या वळवाच्या आणि परतीच्या पावसात. पण पत्र्यावर ताशा सुरू झाला की गाळ्या जिन्यावर वर पळायचा, आणि वाटेत कुणी आडवं आलं तर दात दाखवायचा.

एवढ्यात एक समाधानाची गोष्ट होती, ती म्हणजे तो आधी सांगायचा. अंग ताठ करायचा, तोंड फिरवायचा, ओठ चाटायचा, मग गुरगुरायचा, आणि तरीही समोरचा हटला नाही तर चावायचा. आपल्याकडे कुत्रा गुरगुरला की त्याला दटावतात, एखादी चापट देतात. गुरगुरणं बंद होतं खरं. पण भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगताच चावतो. पुण्याहून एका प्रशिक्षकाला बोलावलं, तर त्याने आल्या आल्या गाळ्याची मान धरून त्याला खाली दाबायचं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. मी त्याचे पैसे दिले आणि जिना दाखवला.

आता प्रश्न असा की मी त्याला स्वतःकडे का नाही ठेवलं. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, कातडी कागदासारखी. एक दात लागला तर टाके. पुण्याला आमचं चौथ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट, मुलगी सातवीत आणि तिच्या मैत्रिणींचा राबता. अरुंद लिफ्टमध्ये अनोळखी हात वरून खाली येणारच. तेव्हा माझं घर त्याला लागणाऱ्या गोष्टींत बसत नव्हतं, आणि ते मला पहिल्या महिन्यातच दिसत होतं. जानेवारी २०२२ मध्ये ऑफिसने परत बोलावलं, तेव्हा गाळ्याला पुण्याजवळच्या एका बोर्डिंगमध्ये ठेवलं. दर शनिवारी मी जायची. कुंपणाची मोकळी जागा होती, माणसं सालस होती, पण ते घर नव्हतं. महिन्याचा खर्च किती यायचा ते इथे सांगत नाही, माझे यजमान समोर बसले आहेत.

याच काळात एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, मॅडम, शेवटच्या इंजेक्शनचा विचार केला आहे का? घरी सांगितलं तर सगळे डॉक्टरांवर भडकले. मला तो प्रश्न क्रूर वाटला नाही. जो कुत्रा कधी चावेल याचा अंदाजच लागत नाही, किंवा एकदा धरल्यावर सोडत नाही, त्याला दुसऱ्याच्या घरात पाठवणं म्हणजे त्या घरातल्या मुलाचा गाल पणाला लावणं. मी वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. प्रत्येक नोंदीत कारण दिसत होतं, इशारा दिसत होता, आणि चावून लगेच सोडून तो मागे हटलेला दिसत होता. डॉक्टरांनी पानं उलटली आणि म्हणाले, मग घर शोधा, पण नेमकं शोधा.

नेमकं घर कसं शोधायचं? माणसं विचारतात ते प्रश्न ठराविक असतात. कुत्र्यांची आवड आहे का, अंगण आहे का, आधी कुत्रा पाळला आहे का. प्रश्न बरोबर आहेत, पण गाळ्यापुरते ते अपुरे होते. कुत्र्यांची फार आवड असलेली माणसं त्याला सगळ्यात धोक्याची होती, कारण ती आल्या आल्या मिठी मारायची.

मी एका पानावर त्याची माहिती लिहिली. पहिलंच वाक्य: 'हा कुत्रा माणसाला चावला आहे.' त्याखाली किती वेळा, कशामुळे, किती खोल. मग त्याचे गुण. एका मित्राने प्रामाणिकपणे सल्ला दिला की ते वाक्य शेवटी टाक, आधी फोटो आणि गुण. लग्नाच्या बायोडेटात आपण असंच करतो, हे खरं आहे. पण आम्ही सॉफ्टवेअर ग्राहकाला देतो तेव्हा त्यातल्या ठाऊक असलेल्या त्रुटींची यादी सोबत देतो. यादी लपवली तर त्रुटी जात नाही, ती ग्राहकाच्या घरी रात्री दोन वाजता सापडते. शिवाय कायदाही आहे. ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा गुन्हा आहे, भारतीय दंडविधानात २८९, आणि आता भारतीय न्याय संहितेत २९१ वं कलम. ज्याला आपण कुत्रा देतो तो त्याचा ताबेदार होतो. त्याला न सांगता त्याच्या मानेवर हे ठेवायचं?

त्या पहिल्या वाक्यामुळे दहातले नऊ फोन तिथेच संपायचे. चालेल. उरलेल्यांतली तीन घरं सांगते.

माणगावकडच्या एका बागायतदारांना राखणीला कुत्रा हवा होता. चावतो म्हटल्यावर ते खूश झाले. 'असाच पाहिजे!' बागेत साखळी तयार होती, पाच फुटांची. मी तिथूनच मागे फिरले. साखळीमुळे बिघडलेल्या कुत्र्याला साखळीच्याच नोकरीवर ठेवायचं, आणि मग तो आंबे चोरायला आलेल्या कुणाच्या तरी पोराला फाडणार.

दुसरं घर पुण्यातलं, एक तरुण जोडपं, दोघंही माझ्यासारखीच कॉम्प्युटरवाली. पान वाचून, चार शनिवार बोर्डिंगमध्ये येऊन, मगच त्यांनी हो म्हटलं. महिनाभराची चाचणी ठरली, जमलं नाही तर कुत्रा परत, मनात काही ठेवायचं नाही. नवव्या दिवशी सोसायटीत कुणाकडे तरी फटाके वाजले, गाळ्या सोफ्याखाली शिरला, आणि त्याला धीर द्यायला म्हणून त्या मुलाने आत हात घातला. मनगटावर दोन दात. गाळ्याला लस दिलेली होती, तरी त्या मुलाने लगेच नळाखाली साबणाने जखम धुतली आणि इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण केला. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवलं. दोघांनी त्याला रडत परत आणून सोडलं. आम्ही आजही एकमेकांच्या घरी जातो.

इथे थोडं थांबून सांगते, कारण गावात अजूनही चावलेल्या जागी हळद, चुना, तिखट भरतात. जगात रेबीजने जितके मृत्यू होतात त्यातले सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वाचवते ती आधीची काळजी: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं, त्याच दिवशी दवाखाना, आणि सगळी इंजेक्शनं. ओरखडा असला तरी. पिल्लू असलं तरी.

तिसरं घर सर्वांत चांगलं होतं, आणि नाही म्हणताना सर्वांत जड गेलं. चिपळूणचं शिक्षक कुटुंब, मोठा वाडा, दोन मुलं, पाच आणि आठ वर्षांची. त्यांच्याही घरात त्याच जुलैमध्ये पाणी शिरलं होतं. ती बाई म्हणाली, 'आमची मुलंही पावसाला घाबरतात हो अजून, ती त्याला समजून घेतील.' मला भरून आलं. पण पाच वर्षांचं मूल समजून घेतं म्हणजे काय करतं? जाऊन गळ्यात हात टाकतं. मी त्यांना दुसरी एक कुत्री मिळवून दिली, शांत, वयस्क. ती अजून तिथेच आहे, लठ्ठ झाली आहे.

बारा-तेरा महिने झाले होते. आणि मग २०२२ चे गणपती आले.

बोर्डिंगवाल्यांना सुट्टी हवी होती, म्हणून गाळ्याला मागच्या सीटवर घालून मी वरंध घाटाने गावी आले. मामांच्या घरावरून जाताना त्यांनी हात केला. गाडी थांबली. मामांनी आत डोकावून पाहिलं नाही. माझ्याशीच बोलत बांधावर बसले, गाडीकडे पाठ करून, आणि बिडी काढली. मी त्यांना सगळं सांगत होते आणि ते 'हं, हं' करत होते. मी मागचं दार उघडलं. गाळ्या उतरला, लांब फेरी मारली, बराच वेळ लांबच राहिला. मामांनी एकदाही मान वळवली नाही. पाऊण तासाने तो येऊन त्यांच्या पाठीचा वास घेऊन गेला. मामांनी बिडी विझवली आणि म्हणाले, 'बाय, ह्याला काय शिकवायचाच नाय. आपुन हात आवरायचा.'

मी पुण्याला जाऊन पुस्तकं वाचली होती. कोलकात्याच्या आयसर संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा कित्येक वर्षं अभ्यास करतात, त्यांचं काम वाचलं होतं. त्यांना दिसलं की रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी पाचातलं जेमतेम एक मोठं होतं, आणि बहुतेक मरणांत माणसाचा हात असतो. म्हणजे आपल्या गल्लीत जो कुत्रा जगला, तो माणूस वाचता येतो म्हणूनच जगला. गाळ्याने त्या संध्याकाळी मामांना वाचलं असावं. मला त्यात नवल वाटलं नाही.

तुम्हाला आठवतंय का, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाड्यांतली मुलं उशिरा यायची, आणि नेमकी त्याच दिवशी शाळेची घंटा उशिरा व्हायची? मामा घड्याळाकडे बघायचे, वाटेकडे बघायचे, टोल हातात धरून उभे राहायचे. शेवटचं भिजलेलं पोर फाटकातून आत आलं की टोल पडायचा. हेडसरांना हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. सर, तुम्ही हसताय, म्हणजे ठाऊक होतं.

मामा सलग चार दिवस आमच्याकडे येऊन बसले. पाचव्या दिवशी मामींना घेऊन आले, कारण घर मामींचंही होतं, आणि भाकरी त्याच घालणार होत्या. मामींनी ते पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि नेमके प्रश्न विचारले. कोंबड्यांना धरतो का? रात्री कुठे निजतो? मुंबईची नातवंडं मे महिन्यात आणि गणपतीत येतात, तेव्हा काय? त्या प्रश्नांनीच माझी खात्री पटली. इतक्या महिन्यांत 'मुलं आली तर काय' हे मला कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

मामांचं घर बघा, म्हणजे मी नेमकं घर कशाला म्हणते ते दिसेल. घर आणि गोठा दोन्ही कौलारू, पाऊस वाजत नाही, नुसता पडतो. दोन माणसं, ठरलेल्या वेळा, पाहुणे कमी. घर उंचवट्यावर, अंगणात पाणी साचत नाही. रात्री कुत्रा बाहेर ठेवायचा नाही हा तिथला जुनाच नियम, कारण बिबट्या. त्यामुळे दिवे लागणीला गाळ्या स्वतःच्या पायाने गोठ्यात जातो, आतून आडणा लागतो, आणि बांधायचा प्रश्नच येत नाही. मामी भाकरीचा तुकडा आणि धुतलेली सुकट टोपल्यात टाकतात आणि मागे न बघता घरात जातात. टोपलं दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायचं. जाता-येता कधी एखादी सुकट लांबून फेकायची, एवढंच. आठ महिन्यांनी मामी जवळून गेल्या तर तो खाणं न थांबवता शेपूट हलवायला लागला.

गळ्यात पट्टा नाही, छातीला घालायचा पट्टा आहे. मामा तो जमिनीवर मोकळा पसरतात आणि गाळ्या स्वतः त्यात पाय टाकतो. पण खरी कमाल मुसक्याची. पशुवैद्याकडे नेताना तोंडाला जाळी हवीच, आणि बोर्डिंगमध्ये ती घालायला आम्हाला तीन माणसं लागायची. मी ती जाळी मामांना दिली. ते म्हणाले, 'हे तर मुसका!' मळणीच्या बैलाला घालतात ते. बैल घाबरू नये म्हणून आधी त्यात गवत धरायचं, हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी जाळीत सुकट टाकली आणि जाळी ओट्यावर ठेवून दिली. तीन आठवडे नुसतं तेवढंच. आता जाळी हातात घेतली की गाळ्या पळत येऊन आपणच तोंड घालतो. जाळी ऐसपैस हवी, कुत्र्याला धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे.

सगळं गोड झालं असं समजू नका. पहिल्याच ऑक्टोबरमध्ये त्याच्या पायात काटा गेला आणि मामांनी तो काढायला घेतला तेव्हा तो मामांना चावला. अंगठ्याला. मामांनी हात धुतला, दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घेतली आणि मला तिसऱ्या दिवशी फोन केला, तोही खर्च विचारू नको असं सांगायला. मी म्हटलं, मामा, मी त्याला न्यायला येते. ते म्हणाले, 'काटा त्याच्या पायात व्हता, बाय. घाई माझी व्हती.' पुढच्या काट्याला मुसकं घातलं.

नातवंडं आली की नियम कडक. गोठ्याच्या अर्ध्या दारामागे गाळ्या, आणि दारावर मामांनी खडूने लिहिलेलं, त्यांच्या त्या शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात: 'हात घालू नये.' मोठी नात आता नऊ वर्षांची आहे, ती दारापासून दोन हात लांब बसून त्याला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवते. त्याच्याकडे न बघता. आजोबांनी तसं शिकवलं आहे. धाकट्याला अजून परवानगी नाही, आणि तो रडतो, आणि तरीही नाही.

मामा आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. 'माझ्यामागं काय?' हे त्यांनीच मला विचारलं, गेल्या दिवाळीत. आम्ही ते पान पुन्हा लिहिलं, नव्या सवयींसह, आणि त्याच्या तीन प्रती तीन घरी दिल्या आहेत. त्यातलं एक घर आपल्याच तुकडीतल्या एकाचं आहे. तो दर महिन्याला मामांकडे जाऊन पाठ करून बसतो. नाव सांगू नको म्हणाला आहे, पण तो आता लाजला, तेव्हा तुम्हाला कळलंच.

आता हे सगळं इथे आज का सांगितलं, त्याचं खरं कारण. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथली भटकी कुत्री हलवायची, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, आणि पुन्हा त्याच जागी सोडायची नाहीत. ऑगस्टमधल्या आदेशात इतर रस्त्यांवरची कुत्री जिथून नेली तिथेच परत सोडायला परवानगी होती, शाळांना ती नाही. यावर देशभर वाद चालू आहे, आणि मला दोन्ही बाजूंचं बोलणं समजतं. एवढे निवारे रातोरात कुठून उभे राहणार, हे कुणीतरी सांगायला हवं. पण शाळेच्या आवारात पहिला हक्क पहिलीतल्या मुलाचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्या वेळी डब्याच्या सुट्टीत किती कुत्री असायची आणि आपण त्यांना काय काय करायचो, हे आठवलं की कुणी चावलं कसं नाही याचंच आश्चर्य वाटतं.

या शाळेच्या मागच्या व्हरांड्यात आज दोन कुत्री आहेत. मुख्याध्यापकांनी मला परवा दाखवली. मी दोन दिवस त्यांच्याजवळ बसले, आणि दोन पानं लिहून आणली आहेत. दोन्ही कुत्र्यांची नसबंदी आणि लस झाली आहे.

पहिली तांबडी कुत्री, साधारण चार वर्षांची. मुलांची सवय आहे, डब्यातलं मागत नाही. झोपेत असताना अंगावर पाय पडला तर तोंड मारते, आजवर दोनदा मारलं आहे, रक्त आलं नाही. जिथे तिला निजायला कोपरा मिळेल आणि तो कोपरा तिचाच राहील अशा घरी चालेल. मांजर असलेल्या घरी नको.

दुसरा काळा, एका कानाचा, दीडेक वर्षाचा. सायकल आणि मोटारसायकलच्या मागे धावतो, एकाची पँट फाडली आहे. पायी चालणाऱ्याला काही करत नाही. रस्त्यापासून आत, कुंपण असलेलं घर हवं. शेतावर रमेल. एकटा राहिला की रडतो, तेव्हा दिवसभर कुलूप असलेलं घर नको.

पानांच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जेवणानंतर मागच्या व्हरांड्यात यावं. आल्या आल्या हात पुढे करू नये, जरा बाजूला बसावं. तोवर मामाही आलेले असतील.